पेरणीची तारीख आणि जबलपूरची थंडी

वसंतातील अखेरचा हिमतुषार पडून गेला म्हणजे बी उघड्यावर पेरावे, हा नियम इंग्लंड-अमेरिकेतील बागकामाच्या पुस्तकांत सर्रास आढळतो. तेथील हिवाळ्यास तो योग्यच आहे. परंतु जबलपूरच्या शाळेतील बागेस तो जसाच्या तसा लावणे इष्ट नव्हे.

जबलपूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस, सुमारे ४०० मीटर उंचीवर वसले आहे. जानेवारीत तेथील किमान तापमान सरासरीने १० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तथापि निरभ्र व निवांत रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते आणि जड, थंड हवा सखल वाफ्यांत साचते. अशा वेळी सव्वा मीटर उंचीवरील तापमापक २-३ अंश दाखवीत असतानाही पानांवर हिमकण जमू शकतात. हिंदी मुलखात यासच ‘पाला’ म्हणतात. तो दरवर्षी पडतोच असे नाही. पडला तर बहुधा डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत.

कोथिंबीर, मेथी व शेपू ही थंड ऋतूची पिके होत. पाला टळण्याची वाट पाहून ती फेब्रुवारीअखेर पेरली, तर वाढत्या उन्हात रोपे पाने धरण्याऐवजी लवकर फुलावर येतात. पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरल्यास कोवळी भाजी कडाक्याच्या थंडीपूर्वीच हाती येते. धण्यासाठी राखलेल्या पिकास मात्र फुलोऱ्यात पाल्याचे भय असते; तशी चिन्हे दिसताच वाफ्यास हलके पाणी द्यावे, म्हणजे जमिनीत ऊब टिकते. तुळस व सब्जा यांना ऊबच मानवते. त्यांचे बी थंडी सरल्यावर किंवा मृगाच्या पावसाबरोबर पेरावे. त्यांच्यापुरता परदेशी नियम येथेही खरा ठरतो.

तात्पर्य, नियमामागील कारण स्वीकारावे. तारीख उसनी घेऊ नये. जबलपुरात १९६४ पासून कृषी विश्वविद्यालय आहे, त्याच्या सल्ल्याचा लाभ घ्यावाच. परंतु नर्मदाकाठचा सखल वाफा आणि मदनमहालाच्या खडकाळ उंचवट्यावरील वाफा यांची रात्र सारखी नसते. म्हणून प्रत्येक शाळेने बागेत तापमापक लावून रोजचे किमान तापमान व पाल्याचे दिवस वहीत नोंदवावेत. पुस्तकाबरहुकूम पेरलेले बी वाया गेले, तर मुलाचा विश्वास शास्त्रावरूनच उडतो. आपल्याच वहीतून तारीख काढणाऱ्या मुलास मात्र शास्त्र म्हणजे काय, हे निराळे सांगावे लागत नाही.