कोयता म्हणजे किती माणसं?

माझ्या कपाटातल्या एका जुन्या फायलीत टाइप केलेली तीन पानं आहेत. लिहिणाऱ्याचं नाव त्यांवर नाही, सहीही नाही. तीस वर्षांपूर्वी मी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या मजुरीवर शोधनिबंध लिहून एका इंग्रजी नियतकालिकाला पाठवला होता. त्यासाठी दोन हंगाम फडाफडांत हिंडलो होतो, मुकादमांच्या वह्या उतरवून घेतल्या होत्या. मुकादमाने आगाऊ दिलेली उचल आणि तिच्यापायी होणारी ओढाताण जमेस धरूनही ऊसतोडीचा रोज गावातल्या शेतमजुरीच्या दीडपट पडतो, असा माझा निष्कर्ष होता. सहा महिन्यांनी पाकीट आलं. निबंध परत, आणि सोबत परीक्षकाची ही तीन पानं. पहिल्याच परिच्छेदात त्यानं विचारलं होतं, चौथ्या तक्त्यातली मजुरी कोयत्याची आहे आणि कोयता म्हणजे नवरा-बायको, दोन माणसं. तुम्ही भागाकार केला आहे का?

केला नव्हता. फडात सगळा हिशेब कोयत्यानंच होतो. मुकादम कोयत्याला उचल देतो, टनाचे पैसे कोयत्याच्या नावावर चढतात. मी तोच आकडा उचलून तक्त्यात बसवला आणि शेजारी एका शेतमजुराचा रोज लिहिला. भागाकार केल्यावर दीडपट होती ती पाऊणपट झाली आणि निबंधाचा निष्कर्ष पार उलटला. त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. मोळ्या बांधणाऱ्या, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहून नेणाऱ्या बायका मी दोन हंगाम डोळ्यांनी पाहत होतो, आणि माझ्या तक्त्यात त्या कुठेच नव्हत्या. पाठवण्याआधी तो निबंध माझ्याखेरीज कुणीही वाचला नव्हता.

हे सगळं आठवलं ते गेल्या महिन्यात आलेल्या एका फोनमुळे. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या एका तरुण प्राध्यापिका बोलत होत्या. ‘‘सर, केअर लिस्ट तर गेली. आता पेपर कुठे पाठवू?’’

प्राध्यापकी पेशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. कॉलेजातल्या शिक्षकाच्या पदोन्नतीच्या फायलीत प्रसिद्ध झालेले शोधनिबंध लागतात. ते कुठल्या नियतकालिकांतले धरायचे, यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, आधी एक मान्यताप्राप्त यादी केली होती. तिच्यात विद्यापीठांच्या शिफारशींवरून आलेल्या नियतकालिकांची पुण्यातले डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छाननी केली. २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये ती प्रसिद्ध झाली. तपासलेल्या १,००९ नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची असू शकतात, असं तिच्यातून निघालं. त्याच वर्षी यूजीसीने ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढली. मग २०१९ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या केंद्राच्या मदतीने ‘यूजीसी-केअर’ यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. नियतकालिक कसं पारखावं याचे काही निकष यूजीसीने सुचवले आणि निवडीची जबाबदारी संस्थांवर सोपवली.

यादी होती तेव्हा तिला चुकवणारेही होते. खऱ्या नियतकालिकाच्या नावाची हुबेहूब वेबसाइट उभी करून पैसे उकळणारे आपल्याकडच्या प्राध्यापकांना भेटले आहेत. आता तर व्हॉट्सअ‍ॅपवर सरळ निरोप येतात: आयएसएसएन नंबर आहे, इम्पॅक्ट फॅक्टर आहे, फी भरा, चार दिवसांत प्रमाणपत्रासह छापून देतो. आयएसएसएन हा नियतकालिकाची ओळख पटवणारा आठ अंकी क्रमांक असतो, इतकंच. गाडीला नंबरप्लेट आहे म्हणून तिचे ब्रेक चांगले आहेत असं कुणी म्हणत नाही. चार दिवसांत निबंध स्वीकारला जातो तेव्हा तो कुणी वाचलेला नसतो, आणि माझा राग त्या न वाचण्यावर आहे. माझा ऊसतोडीचा निबंध अशा ठिकाणी गेला असता तर तो छापून आला असता, फायलीला लागला असता, आणि ऊसतोड फायद्याची असते हे माझ्या नावावर कायमचं नोंदलं गेलं असतं.

म्हणून त्या मॅडमना मी म्हटलं, ‘‘यादी बाजूला ठेवा. तुमच्या संदर्भसूचीत कुठली नियतकालिकं आहेत ते सांगा.’’ मला सापडलेली ही सगळ्यांत खात्रीची खूण आहे. ज्या नियतकालिकातले लेख वाचून आपल्याला प्रश्न पडला, त्याच नियतकालिकाच्या वाचकाला आपल्या उत्तरात रस असणार. जिथला एकही लेख आपण वाचलेला नाही तिथे निबंध पाठवणं म्हणजे अनोळखी घराची कडी वाजवून आपलं गाऱ्हाणं सांगण्यासारखं आहे. त्या नियतकालिकाचे गेल्या दोन वर्षांचे अंक चाळावेत. शब्दमर्यादा किती, तक्ते किती, संदर्भ कुठल्या पद्धतीने देतात, हे लेखकांसाठीच्या सूचनांत असतं आणि ते अक्षर न् अक्षर पाळावं. मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ला शोधलेख आठ हजार शब्दांपर्यंत चालतो. दुसरीकडे तीन हजारांवर एक शब्द घेत नाहीत. संपादकाच्या टेबलावरूनच परत येणाऱ्या निबंधांत पुष्कळसे केवळ चुकीच्या दारी गेलेले असतात.

मराठीत लिहिणाऱ्यांची एक वेगळी अडचण आहे. मराठी अर्थशास्त्र परिषदेचं ‘अर्थसंवाद’, मराठी अभ्यास परिषदेचं ‘भाषा आणि जीवन’, भारत इतिहास संशोधक मंडळाचं त्रैमासिक, अशी चांगली ठिकाणं आपल्याकडे आहेत. पण कॉलेजाशेजारच्या डीटीपीवाल्याने निबंध जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला असतो. तो युनिकोडमध्ये बदलताना रफार उडतात, जोडाक्षरं फुटतात, तक्त्यातल्या आकड्यांच्या जागी भलतीच चिन्हं येतात. पाठवण्याआधी शेवटची फाइल कागदावर छापून डोळ्यांखालून घालावी. पेन्सिल हातात घेऊन, एक एक आकडा मूळ वहीशी ताडून. कंटाळवाणं काम आहे. मी ते केलं असतं तर कदाचित चौथ्या तक्त्यापाशी थबकलो असतो.

निबंधाचा सारांश सगळ्यांत शेवटी लिहावा आणि सगळ्यांत जास्त वेळा लिहावा. संपादक प्रथम तोच वाचतो. आपल्याकडचे बहुतेक सारांश ‘प्रस्तुत शोधनिबंधात अमुक विषयाचा अभ्यास करण्यात आला आहे’ इथे सुरू होतात आणि ‘काही उपाय सुचवले आहेत’ इथे संपतात. काय सापडलं, ते त्यांत कुठेच नसतं. प्रश्न काय होता, किती गावांत, किती माणसांना, कधी विचारलं, काय निघालं, एवढं दीडशे-दोनशे शब्दांत आलं पाहिजे. शीर्षकात ‘महाराष्ट्रातील’ असेल आणि माहिती दोन गावांतली, तर परीक्षक तिथेच अडवतो. त्यानं अडवलंच पाहिजे.

लेखकांच्या नावांबद्दल मी कुणाचीही भीड ठेवत नाही. ज्यांनी कामात खरा हात लावला आणि उद्या त्यावर प्रश्न आले तर उत्तर द्यायला जे उभे राहतील, त्यांचीच नावं निबंधावर असावीत. गाईडचं नाव रिवाज म्हणून, प्राचार्यांचं आदर म्हणून घालणं हे आपल्या कॉलेजांत इतकं अंगवळणी पडलं आहे, की नकार देणारा विद्यार्थी उद्धट ठरतो. ज्या गाईडने निबंध वाचलेलाच नाही त्याचं नाव त्यावर असणं, ही विद्यार्थ्याची फसवणूक आहे.

संपादकाला लिहायचं पत्र अर्ध्या पानाचं असावं. निबंधात नवं काय, तो तुमच्याच नियतकालिकाला का पाठवतो आहे, आणि तो दुसरीकडे पाठवलेला नाही, एवढं पुरतं. हे शेवटचं वाक्य खरं असलं पाहिजे. एकच निबंध एकाच वेळी तीन ठिकाणी पाठवून जिथून आधी होकार येईल तिथे छापायचा, हे पुष्कळांना वावगं वाटत नाही. पण परीक्षक हे काम फुकट करत असतो, आपली शिकवणी, आपलं संशोधन सांभाळून. आपण तीन ठिकाणी पाठवतो तेव्हा अशा पाच-सहा माणसांच्या रात्री वाया घालवतो.

मग वाट पाहायची. चार महिने, सहा महिने, कधी वर्ष. या काळातच माणूस चार दिवसांत छापणाऱ्याकडे वळतो, कारण पदोन्नतीची तारीख त्याच्यासाठी थांबणार नसते. त्याचा दोष एकट्याचा नाही. पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापून आलेलाच हवा, ही अट यूजीसीने २०२२ च्या नियमांत काढली, ते योग्यच केलं.

परीक्षकाचं उत्तर येतं तेव्हा पहिले दोन दिवस ते बाजूला ठेवावं. मग प्रत्येक मुद्दा वेगळ्या ओळीत लिहून त्याखाली आपण काय बदल केला आणि कुठल्या पानावर, ते नोंदवावं. जिथे परीक्षक चुकला असेल तिथे आदराने आणि पुराव्यानिशी तसं सांगावं. आणि जिथे परीक्षकाला आपलं म्हणणं कळलेलं नाही, तिथे आपण ते नीट मांडलं नव्हतं असंच धरून वाक्य पुन्हा लिहावं. त्याला कळलं नाही ते आणखी शंभर वाचकांना कळणार नाही.

एडिंबरातले भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्ज यांचा १९६४ सालचा एक छोटा निबंध ‘फिजिक्स लेटर्स’ने नाकारला. हिग्ज यांनी त्यात आणखी मजकूर घातला आणि तो ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’कडे पाठवला. आपल्या सिद्धान्तातून एक नवा, वस्तुमान असलेला कण निघतो, हे या वाढीव मजकुरात स्पष्ट लिहिलेलं होतं. २०१२ मध्ये सर्न प्रयोगशाळेला सापडला तो हाच कण, आणि २०१३ मध्ये हिग्ज यांना नोबेल मिळालं. निबंध पहिल्याच ठिकाणी लागला असता तर तो मजकूर त्यात आला असता की नाही, कोण जाणे.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक कॉलेजात, प्रत्येक विभागात महिन्यातली एक दुपार एकमेकांचे निबंध वाचण्यासाठी राखून ठेवावी आणि ती कामाच्या तासांत धरावी. संशोधन केंद्रांच्या नावानं खोल्या, फलक, संगणक उभे राहिले, पण सहकाऱ्याचा कच्चा खर्डा हातात घेऊन ‘इथे मला कळलं नाही’ असं म्हणणारा माणूस तिथे बसलेला नसतो. मला तो माणूस सहा महिने थांबून, पोस्टाने, निनावी भेटला. तो शेजारच्या टेबलावर असू शकला असता. सांख्यिकी शिकवणारे माझे सहकारी रोज माझ्याबरोबर चहा पीत होते, आणि मी त्यांना तक्ता दाखवला नव्हता.

त्या मॅडमनी मागच्या आठवड्यात खर्डा पाठवला. विषय गावातल्या दूध संकलन केंद्रांचा, फॅटनुसार मिळणाऱ्या दराचा. तीन गावांतल्या ९० कुटुंबांच्या मुलाखती त्यांनी स्वतः घेतल्या आहेत. काम मेहनतीचं आहे. दुसऱ्या तक्त्यात ‘उत्पादकाचे उत्पन्न’ असा रकाना आहे आणि त्याखाली केंद्रावरच्या खात्यांमधले आकडे. मी पेन्सिलीनं समासात लिहिलं: खातं कुणाच्या नावावर आहे, आणि धार कोण काढतं?

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. ‘‘सर, हे मी विचारलंच नव्हतं. रविवारी पुन्हा जातेय.’’