सत्कार झाला, आता सोबत कोण देणार?

निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये सत्कारांचा हंगाम सुरू होतो. बुद्धविहारात सतरंज्या पडतात, गुणवंतांच्या खांद्यावर शाली येतात, बाबासाहेबांची प्रतिमा भेट दिली जाते. पाहुणे भाषणात कलेक्टर व्हायला सांगतात. फोटो निघतात, स्टेटसला लागतात. कार्यक्रम संपतो.

त्यानंतर महिन्या-दीड महिन्याने तीच मुलगी एक बॅग आणि कागदांची फाईल घेऊन एसटीने शहरात येते. विद्यापीठाच्या गेटवर उतरते. तिच्या घरातून या गेटच्या आत आजवर कोणी गेलेले नसते. त्या दिवशी तिच्यासोबत शाल देणाऱ्यांपैकी कोणीही नसते. आमचा सवाल या दिवसाबद्दल आहे.

हा सवाल आम्ही आधी स्वतःलाच विचारला. आम्ही काही कार्यकर्ते दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत गेटजवळ टेबल टाकून बसतो. काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका खेड्यातून आलेली एम.ए.ची विद्यार्थिनी आम्हाला तिथेच भेटली. आम्ही तिचा फॉर्म भरून दिला, नंबर घेतला, स्वागत समारंभात गुलाबाचे फूल दिले. पुढे आमची जयंतीची वर्गणी, मोर्चे, बैठका सुरू झाल्या. ती दिवाळीच्या सुट्टीत गावी गेली ती परत आलीच नाही. जानेवारीत कोणाला तरी आठवण झाली तेव्हा फोन केला. कळले ते असे : शिष्यवृत्तीचा पत्ता नव्हता, मेसचे तीन महिन्यांचे पैसे थकले होते आणि वर्गात इंग्रजीतून चाललेले काही समजत नव्हते. "कोणाला सांगायचे ते कळले नाही," असे ती म्हणाली. तिचा नंबर आमच्याकडे होता. आम्ही तो लावला नाही.

तिला व्यवस्थेने बाहेर काढले हे खरेच. पण दाराशी उभे राहून फूल देणारे आम्हीही त्या घटनेत होतो, हे नाकारून चालणार नाही.

यावर काही जाणते कार्यकर्ते म्हणतात, "एवढे लाड कशाला? बाबासाहेबांचा हात कोणी धरला होता? ते एकट्याच्या जिद्दीवर शिकले." ही मांडणी ऐकायला जोरदार वाटते, पण ती इतिहासाला धरून नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत स्वतःच्या एका सत्काराची आठवण सांगितली आहे. शाळकरी भीमराव परीक्षा पास झाले म्हणून समाजातल्या लोकांनी सभा घेतली आणि दादा केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पण केळुसकर गुरुजी त्या सभेवर थांबले नाहीत. ते पुढेही त्यांना पुस्तके देत राहिले. कॉलेजचा खर्च रामजीबाबांना झेपेना, तेव्हा सयाजीराव गायकवाडांपर्यंत शब्द नेऊन महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही तेच पुढे होते. 1913 साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा तिथे नवल भथेना यांच्यासारखा खोलीतला सोबती मिळाला, तो आयुष्यभराचा मित्र झाला.

जिद्द बाबासाहेबांचीच होती. पण त्या जिद्दीला पुस्तक, पैसा आणि माणूस मिळावा लागतो, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते. म्हणून 1924 साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू झाले. म्हणूनच 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि 1950 मध्ये औरंगाबादला पुढे मिलिंद या नावाने ओळखले गेलेले महाविद्यालय उभे राहिले. ज्यांनी स्वतः हाल सोसले त्यांनी पुढच्यांसाठी वसतिगृहे बांधली. आणि आपण म्हणतो, आम्ही सोसले, तुम्हीही सोसा? हा आंबेडकरी विचार नाही.

मग स्वागत म्हणजे काय करायचे? आमच्या अनुभवातून चार कामे सांगतो.

पहिले काम कागदांचे. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते. यातला एक कागद अडला की महाडीबीटीवरचा अर्ज अडतो आणि अर्ज अडला की मुलगा अडतो. उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर शिष्यवृत्ती, त्यापेक्षा जास्त असेल तर फ्रीशिप, हा साधा फरकसुद्धा अनेक घरांत माहीत नसतो. सरकारी वसतिगृह मिळाले नाही तर बाहेरगावी शिकणाऱ्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, हेही नसते. ही माहिती सत्काराच्या दिवशी द्या. शालीऐवजी एक फाईल द्या आणि कोणता कागद कमी आहे ते त्याच सभेत तपासा.

दुसरे काम पहिल्या आठवड्याचे. वर्गात, हॉस्टेलमध्ये कोणीतरी सहज विचारते, "तुझे आडनाव काय? सीईटीला किती होते?" प्रश्न मार्कांचा असतो, शोध जातीचा असतो. नव्या विद्यार्थ्याला हे आधी सांगून ठेवा, म्हणजे तो गोंधळणार नाही. आडनाव लपवायचे नाही आणि आरक्षणाबद्दल मान खाली घालायची नाही. ती मेहेरबानी नाही, प्रतिनिधित्वाचा संविधानिक हक्क आहे. आणि जातीवरून होणारा छळ, टोमणे, वाळीत टाकणे हे यूजीसीच्या नियमांत 2016 पासून रॅगिंगच आहे, हेही त्याला ठाऊक हवे. हेल्पलाइनचा नंबर 1800-180-5522 आहे. तो पहिल्याच दिवशी मोबाइलमध्ये घालून द्या.

तिसरे काम इंग्रजीचे. गावाकडे पहिला येणारा मुलगा इथे शेवटच्या बाकावर जाऊन बसतो, कारण त्याला प्रश्न पडतो पण तो इंग्रजीतून विचारता येत नाही. हळूहळू त्याला वाटू लागते की आपल्याला डोकेच नाही. इंग्रजी हे कौशल्य आहे, बुद्धी मोजायचे माप नाही. त्याच विषयातल्या सीनियरने आठवड्यातून दोन संध्याकाळ बसावे, अभ्यासक्रमातले एक प्रकरण आधी मराठीतून समजून घ्यावे, मग मूळ इंग्रजी वाचावे. पहिली असाइनमेंट कशी लिहायची ते दाखवावे. याला निधी लागत नाही, वेळ लागतो.

चौथे काम सर्वात अवघड. मन मोकळे करायला जागा देणे. 17 जानेवारी 2016 ला रोहित वेमुला गेला. 22 मे 2019 ला डॉ. पायल तडवी गेली. त्याच वर्षी राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन आया विद्यापीठांतल्या जातिभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. यूजीसीच्या 2012 च्या नियमावलीत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद होती, तिची अंमलबजावणी करा, अशी त्यांची मागणी होती. आपल्या कॅम्पसवर असा कक्ष आहे का, कुठे बसतो, तक्रार कोण घेते, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? आपण दरवर्षी 17 जानेवारीला मेणबत्त्या लावतो. त्याआधी ऑगस्टमध्ये, सप्टेंबरमध्ये कोण गप्प झाले आहे, कोण मेसला येईनासे झाले आहे, हे पाहायला आपण त्या खोलीचे दार वाजवले का?

एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. नवा विद्यार्थी आला की आपले गट त्याच्यावर तुटून पडतात. हा कुठल्या संघटनेचा, कुठल्या नेत्याचा? लायब्ररीचे कार्ड निघायच्या आधी त्याच्या हातात झेंडा येतो. मोर्चात तो आपल्या संख्येत धरला जातो. सहा महिन्यांनी त्याचे विषय राहिले की त्याला विचारणारे कोणी नसते. बाबासाहेबांच्या संदेशात पहिला शब्द 'शिका' हा आहे. विद्यार्थी टिकला, शिकला, तर तो चळवळीत आपल्या पायांनी येईल आणि आपल्यालाही चार प्रश्न विचारेल. ते प्रश्न आपल्याला परवडले पाहिजेत.

म्हणून यंदा आम्ही आमच्यापुरते ठरवले आहे. स्वागत समारंभ छोटा करायचा. प्रत्येक सीनियरने दोन नवे विद्यार्थी घ्यायचे आणि पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागेपर्यंत सोडायचे नाहीत. दर रविवारी एक फोन : जेवलास का, शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे आहे, वर्गात काय चालले आहे. दिवाळीला कोण गावी गेले याची यादी ठेवायची आणि सुट्टी संपल्यावर कोण परत आले ते मोजायचे.

तुमच्या गावातून, तुमच्या विहारातून यंदा कोण विद्यापीठात आले आहे? नाव आठवत असेल तर आजच फोन लावा.

जय भीम!