महागाईच्या हिशेबात घर कुठे आहे?

कांदा महागला की मोर्चा निघतो. गॅसच्या सिलिंडरचे पन्नास रुपये वाढले की चहाच्या टपरीवर सरकारे पाडली जातात. घरांच्या किमतीवरून मात्र, गिरणी कामगारांची लढाई सोडली तर, रस्त्यावर उतरलेले लोक आम्ही फारसे पाहिलेले नाहीत. घर महागले की माणूस बिऱ्हाड उचलतो आणि गुपचूप पुढच्या स्टेशनात जाऊन राहतो. मोहम्मद अली रोडवरून कुर्ला, कुर्ल्याहून मुंब्रा, मुंब्र्याहून शीळ, भिवंडी. १९९२-९३ च्या दंगलींनंतर आपली माणसे जीव मुठीत धरून मुंब्र्यात आली, हे खरे. पण त्यानंतर जे येत राहिले, त्यांतल्या बहुतेकांना घरांच्या भावाने हाकलले.

घरांच्या किमती महागाईच्या आणि पगाराच्या पुढे गेल्या का, असे शहाणी माणसे विचारतात आणि उत्तरासाठी निर्देशांक उघडतात. निर्देशांक मोजतो काय? ज्यावरून सरकारी नोकरांचा महागाई भत्ता ठरतो, त्या औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकात (पाया २०१६) घराचा वाटा १६.८७ टक्के. तोही भाड्याचा; घराच्या किमतीचा नाही. घर विकत घेणे ही गुंतवणूक आहे, खर्च नव्हे, असे अर्थशास्त्र सांगते. असेल. पण मग घराची किंमत दुप्पट झाली तरी भत्ता जागचा हलत नाही. 'महागाई आटोक्यात आहे' हे मंत्र्यांचे वाक्य आणि इस्टेट एजंटाच्या काचेवरचा आकडा, दोन्ही एकाच दिवशी खरे असतात.

आमच्यातल्या अनेकांना तर तो भत्ताही नाही. आम्ही म्हणजे उर्दू माध्यमाच्या शाळांतले, बी.एड. झालेले, तिशी ओलांडलेले मास्तर. २००० साली शिक्षण सेवक योजना आली तेव्हा माध्यमिकच्या सेवकाला दरमहा ४,००० रुपये मानधन होते. ते अनेक वर्षे ८,००० वर अडकले आणि २०२३ पासून १८,००० झाले. साडेचार पट वाढ, असे सरकार सांगू शकते. आम्ही दुसरा हिशेब मांडतो. वीस लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षांची मुदत: हप्ता येतो सुमारे १७,३५० रुपये. उरलेल्या साडेसहाशेत महिनाभर खा, मुलांना शिकवा, अम्मीची औषधे आणा. मुद्रांक शुल्क वेगळे. आणि ज्यांच्या शाळेला अनुदानच नाही, त्यांनी हा हिशेब वाचूही नये.

रिझर्व्ह बँकेने जुलै २०१९ मध्ये तेरा शहरांची एक पाहणी जाहीर केली. घराची किंमत मासिक उत्पन्नाच्या किती पट, हे तीत मोजले आहे. मार्च २०१५ मध्ये ही पट ५६.१ होती, मार्च २०१९ मध्ये ६१.५ झाली. मुंबईत ७४.४, सगळ्यांत जास्त. म्हणजे सव्वासहा वर्षांच्या आतबाहेरचा पगार! आम्हाला हसू आले. अठरा हजारांच्या हिशेबाने ही रक्कम साडेतेरा लाखसुद्धा होत नाही. एवढ्या पैशात मुंबई-ठाण्यात भोगवटा प्रमाणपत्र असलेले, बँक कर्ज देईल असे घर कोणी दाखवले तर आम्ही त्याचा जाहीर सत्कार करू. गोम अशी की ही पाहणी बँका आणि गृहवित्त संस्थांनी दिलेल्या कर्जांवर बेतलेली आहे. ज्यांना कर्ज मिळाले त्यांचेच उत्पन्न तीत मोजले गेले. भिवंडीचा यंत्रमाग कामगार कापडाच्या मीटरवर मजुरी घेतो. त्याच्याकडे सॅलरी स्लिप नाही, तेव्हा तो त्या पाहणीतही नाही. काही बँकांनी मुस्लिम वस्त्यांना 'निगेटिव्ह झोन' ठरवल्याचे सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवले होते.

मधल्या काही वर्षांत, साधारण २०१४ ते २०२० या काळात, मुंबईच्या पट्ट्यात घरांचे भाव थबकले होते, हेही मान्य करू. पण ते आमच्या हाताला न लागतील इतके वर जाऊन थबकले. आणि तेवढ्यात 'घर आता परवडते' असे सांगणारे लोक आले. ते मोजतात व्याजाचा दर आणि कर्जाची मुदत. वीस वर्षांच्या मुदतीची पंचवीस केली की हप्ता उतरतो. घर स्वस्त झाले असा त्याचा अर्थ होत नाही.

आता थोडे आपल्या घरातले बोलू. बँकेच्या कर्जावर सूद आहे म्हणून आपल्यातली किती तरी कुटुंबे त्या वाटेला जात नाहीत. त्यांच्या इमानाचा आम्ही आदर करतो. पण मग ती जातात कुठे? 'हेवी डिपॉझिट'कडे. अम्मीच्या बांगड्या, भिशीचे पैसे, सौदीतल्या भावाने पाठवलेली रक्कम असे पाच-सात लाख गोळा करून घरमालकाच्या हातात ठेवायचे आणि बिनभाड्याने राहायचे. मालक आपली रक्कम वापरतो, आपण त्याचे घर वापरतो. कर्ज देऊन त्या बदल्यात फायदा उपटणे याला काय म्हणतात, हे जुम्म्याच्या बयानात कोणी तरी सांगावे. गृहकर्ज हराम असल्याची तकरीर आम्ही पुष्कळदा ऐकली. डिपॉझिटवर एकही ऐकली नाही. पहिल्या सफेत बसणारे घरमालक हे तर कारण नसावे? अकरा महिन्यांनी मालक म्हणतो, "मास्टरसाब, दो लाख और बढ़ाओ, नहीं तो दूसरी पार्टी तैयार है." त्याला ठाऊक असते की ठाण्याच्या किंवा डोंबिवलीच्या सोसायटीत आपले नाव ऐकल्यावर फ्लॅट 'नुकताच गेलेला' असतो. दुसरीकडे दारे बंद असली की इकडचा दुकानदार भाव वाढवतो, मग तो आपल्याच जमातीचा का असेना. त्या सोसायट्यांविरुद्ध आपण ठराव करतो. करायलाच हवेत. या घरमालकाला मात्र आपण जलशात व्यासपीठावर बसवतो.

ज्यांच्याकडे डिपॉझिटही नाही, ते कागद न बघता स्वस्त इमारतीत शिरतात. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याच्या लकी कंपाउंडमधली अनधिकृत इमारत कोसळली. ७४ माणसे गेली. त्यांत मुलेही होती, कुणाच्या तरी वर्गातली. तेव्हा लोक म्हणाले, कशाला राहायला गेले तिथे? अधिकृत घराची किंमत आणि त्यांची रोजंदारी शेजारी शेजारी ठेवा, उत्तर मिळेल.

म्हाडाची सोडत आहेच, असे कोणी म्हणेल. मुंबई महानगरात वर्षाला सहा लाखांपर्यंत मिळवणारे सगळे 'अत्यल्प उत्पन्न गटा'त बसतात. वर्षाला दोन लाख सोळा हजार मिळवणारा सेवक आणि महिन्याला पन्नास हजार घेणारा एकाच डब्यात. चिठ्ठी निघाली तरी हप्ता त्यांतला कोण भरू शकेल?

आमच्या मागण्या फार नाहीत. शिक्षक संघटनांनी मानधनाच्या मागणीपत्रात शहरातले घरभाडे वेगळे मांडावे. कांदा-डाळीच्या निर्देशांकावर समाधान मानू नये. वक्फच्या मिळकतींचे उत्पन्न किती तुटपुंजे आहे, हेही सच्चर अहवालाने दाखवले होते. अशा जमिनी ज्या ट्रस्टांच्या हाती आहेत, त्यांनी व्यापाऱ्यांना जुन्या भाड्याने दिलेल्या गाळ्यांचा हिशेब जमातीसमोर ठेवावा आणि एखाद्या तरी भूखंडावर भाड्याची छोटी घरे बांधावीत. डिपॉझिट नको, लेखी करार हवा, आणि भाडे भाडेकरूच्या उत्पन्नाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त नको. आमच्यातले पन्नास जण उद्या सकाळी अर्ज घेऊन रांगेत उभे राहतील.