‘नियमित व्यायाम करा’ हे प्रिस्क्रिप्शन नाही

पुण्यात कुठल्याही तक्रारीवर एक सल्ला फुकट मिळतो: टेकडीवर जात जा. गुडघे दुखतात? टेकडी. झोप लागत नाही? टेकडी. मन उदास आहे? मग तर टेकडीच, आणि सोबत ‘मन रमवा, चार लोकांत मिसळा, पॉझिटिव्ह राहा’. सांगणारे प्रेमानेच सांगतात. ऐकणाऱ्याचं पुढे काय होतं, ते मी रोज दवाखान्यात बघतो.

मागच्या वर्षी साठीच्या एक बाई आल्या. कंबरदुखी आठ वर्षांची. दोन वर्षांपासून कशातच रस नाही, पहाटे तीनला जाग, जेवणाला चव नाही. घरच्यांच्या आग्रहाने तळजाईला गेल्या. त्या दिवशी बरं वाटत होतं म्हणून दीड तास चालल्या आणि पुढचे चार दिवस अंथरुणात होत्या. असं तीनदा झालं. मग मुलगा म्हणाला, ‘‘आई, तू मनापासून प्रयत्नच करत नाहीस.’’ माझ्यासमोर बसून त्या म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, मला साधं चालणंही जमत नाही. माझा उपयोग काय?’’

त्यांची जुनी फाइल उघडली. माझ्याच अक्षरात, कागदाच्या तळाशी: ‘नियमित व्यायाम. ताण टाळा.’ वर गोळ्या व्यवस्थित लिहिलेल्या, किती मिलिग्रॅम, किती वाजता, जेवणाआधी की नंतर. व्यायामाला मात्र ना मात्रा, ना वेळ, ना पुन्हा कधी दाखवायचं ती तारीख. गोळी अशी लिहिली असती तर केमिस्टने कागद परत पाठवला असता.

सवयींना मी कमी लेखत नाही. उलट त्या औषधाइतक्या गंभीरपणे द्याव्यात, एवढंच माझं म्हणणं आहे. पुरावा शेजारीच, गोव्यात आहे. तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगथ’ या संस्थेने बऱ्यापैकी तीव्र डिप्रेशन असलेल्या सुमारे पाचशे रुग्णांवर चाचणी केली. निकाल डिसेंबर २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ने ऑनलाइन प्रसिद्ध केले. निम्म्या रुग्णांना नेहमीचे उपचार थोडे सुधारून दिले. उरलेल्यांना त्याबरोबर सहा ते आठ भेटी दिल्या, त्याही मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी. तीन महिन्यांनी पहिल्या गटातले ३९ टक्के रुग्ण डिप्रेशनमधून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातले ६४ टक्के.

त्या भेटींत काय होतं? बिहेव्हियरल अ‍ॅक्टिव्हेशन. नाव भारदस्त आहे, गोष्ट साधी. डिप्रेशनमध्ये माणूस एकेक काम सोडतो. कामाबरोबर त्यातलं समाधान जातं, बोलणं जातं, आणि मन आणखी खचतं. ‘मन लागलं की करीन’ म्हणून थांबलं तर मन लागत नाही, म्हणून आधी कृती करायची. मात्र ती कृती इतकी लहान हवी की आजच्या मनाने, आजच्या शरीराने पार पडेल. आणि पुढच्या आठवड्यात कोणीतरी विचारायला हवं, ‘‘जमलं का? काय आड आलं?’’ ही दुसरी चौकशी आपण गाळतो. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘दहा सोनेरी सवयी’ पुढच्या आठवड्यात तुमची विचारपूस करत नाहीत.

जुनाट दुखण्याला आणखी एक नियम लागतो. वाईट दिवशीही दहा मिनिटं चालता येत असेल तर आठ मिनिटांपासून सुरुवात करा. बऱ्या दिवशीही आठच. (हे फार जड जातं. आपला स्वभाव ‘आज बरं आहे तर सगळं उरकून टाकू’ असा असतो, आणि दिवाळीची साफसफाई त्यातूनच होते.) घड्याळ बघून थांबायचं, दुखू लागण्याची वाट बघायची नाही. दोन आठवड्यांनी एक-दोन मिनिटं वाढवा. दुखणं उसळलं तर निम्मं करा, शून्य करू नका. झोप कशीही झाली तरी उठण्याची वेळ तीच ठेवा.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. ‘गोळ्या सोडा, जीवनशैली बदला’ म्हणणाऱ्यांनी माझ्या रुग्णांचं कमी नुकसान केलेलं नाही. अ‍ॅमिट्रिप्टिलिनची लहान मात्रा दुखण्यासाठी देतो. रुग्ण घरी जाऊन मोबाइलवर शोधतात, ‘ही तर डिप्रेशनची गोळी’ म्हणून बंद करतात. अहो, सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ही रसायनं मनःस्थितीशी जोडलेली आहेत, तशीच मज्जारज्जूतून वर जाणारी वेदना दाबण्याशीही. म्हणून दोन्ही दुखणी एकत्र येतात आणि काही औषधं दोन्हींना चालतात. तुमचं दुखणं खोटं आहे असं त्या गोळीने कोणी म्हटलेलं नसतं.

कंबरदुखीबरोबर ताप, घटणारं वजन, पायातली शक्ती जाणं किंवा लघवीवरचा ताबा सुटणं यातलं काही असेल तर सवयींचा विचार नंतर, आधी डॉक्टरांकडे जा. आणि जगू नये असं वाटत असेल तर आजच घरात कोणाला तरी सांगा किंवा टेली-मानसला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात.

त्या बाईंनी सोसायटीच्या गेटपर्यंत जाऊन परत येण्यापासून सुरुवात केली, सहा मिनिटं. रात्रीची गोळी चालू ठेवली. मुलाला मी एकच काम दिलं: ‘प्रयत्न कर’ म्हणायचं नाही, ‘आज काय अडलं?’ विचारायचं. पाच महिन्यांनी त्या पंचवीस मिनिटं चालत होत्या. कंबर अजून दुखते. भिशीला मात्र दोनदा जाऊन आल्या, आणि दुसऱ्या खेपेला कोणी ओढून नेलं नव्हतं.

तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांनी ‘नियमित व्यायाम’ लिहिलं तर कागद घडी करून खिशात घालू नका. तिथेच विचारा: किती मिनिटं, कधी, आणि परत दाखवायला केव्हा येऊ? माझ्याकडे आलात तर मलाही विचारा, बाहेर कितीही गर्दी असली तरी.