'प्राइड'मधला कम्युनिस्ट कोठे गेला?

ब्रिटनमधील १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपावरील 'प्राइड' (२०१४) हा चित्रपट मनमुराद हसवतो आणि अखेरीस डोळ्यांत पाणी आणतो, हे त्याचे टीकाकारही नाकारणार नाहीत. लंडनमधील मूठभर समलिंगी तरुण-तरुणी हाती बादल्या घेऊन संपकऱ्यांसाठी पैसे गोळा करतात आणि वेल्समधील दुलाइस खोऱ्यात जाऊन धडकतात, ही कथा प्रत्यक्ष घडलेली आहे. ती का घडू शकली, हे मात्र लेखक स्टीफन बेरेसफर्ड आणि दिग्दर्शक मॅथ्यू वॉर्कस सांगतात काय?

जे साधले आहे ते अस्सल आहे. येथे विनोद कोणाची विटंबना करून निर्माण होत नाही. तो परस्परांविषयीच्या अज्ञानातून आणि निर्भीड कुतूहलातून येतो. गावातील स्त्रिया तर चित्रपटाचा प्राणच आहेत. सँडविचेस तयार करता करता वृद्ध क्लिफ आपण समलिंगी असल्याचे हेफिनाला सांगतो. तिला ते कधीचेच ठाऊक असते, आणि दोघांच्याही हातातले काम थांबत नाही. एवढ्या साध्या प्रसंगात बिल नाय आणि इमेल्डा स्टॉन्टन यांनी जे उभे केले आहे, ते दहा भाषणांनी साधले नसते.

पण चळवळीचा नेता मार्क ॲश्टन हा कम्युनिस्ट होता. पुढे तो यंग कम्युनिस्ट लीगचा सरचिटणीस झाला आणि १९८७ मध्ये, अवघ्या २६ व्या वर्षी, एड्सने मरण पावला. चित्रपटातील मार्क हा हजरजबाबी, उमदा तरुण आहे. त्याची राजकीय ओळख ओझरत्या खुणांपलीकडे जात नाही. खाणकामगारांचा आणि आपला शत्रू एकच आहे, हे त्याला जणू एका सकाळी सुचते! त्यामागील वाचन, बैठका, वादविवाद आणि पक्षशिस्त यांचा मागमूस नाही.

'कम्युनिस्ट' शब्दाने प्रेक्षक बिचकतील, विशेषतः अमेरिकेतील, असा बचाव केला जातो. हा बचाव नव्हे, कबुली आहे. बाजाराला खूश करण्यासाठी एक शब्द गाळला, की बाजार दुसरा मागतो. अमेरिकेत निघालेल्या डीव्हीडीच्या वेष्टनावरील मजकुरातून समलिंगींचा उल्लेखच नाहीसा झाला आणि छायाचित्रातील फलकावरील अक्षरेही पुसली गेली.

शत्रूचीही तीच गत. ऑगस्ट १९८४ मध्ये न्यायालयाने दक्षिण वेल्सच्या खाणकामगार संघटनेचा निधी गोठवला. मदत थेट खोऱ्याखोऱ्यांतील समित्यांकडे जाण्याला त्यामुळे केवढे महत्त्व आले! तथापि पडद्यावर राज्ययंत्रणा पार्श्वभूमीला राहते, आणि विरोधाचा सारा भार मॉरीन नावाच्या एका कल्पित, कडवट विधवेच्या माथी मारला जातो. जणू तिचे मन वळले असते तर संप जिंकलाच असता.

१९८५ च्या लंडनमधील मोर्च्यात खाणकामगार आपले झेंडे घेऊन अग्रभागी चालले. त्याच वर्षी मजूर पक्षाच्या अधिवेशनात समलिंगींच्या हक्कांचा ठराव संमत झाला, आणि त्यामागे खाणकामगार संघटनेची एकगठ्ठा मते होती. संघटित वर्गशक्तीचा हा निर्णायक क्षण चित्रपट शेवटच्या अक्षरपाटीवर उरकतो. विधवेच्या कारस्थानाला मात्र अख्खे प्रसंग मिळतात. शाखाशाखांतून 'प्राइड' अवश्य दाखवावा, आणि दिवे लागल्यावर चर्चा त्या अक्षरपाटीपासून सुरू करावी.