पालकांना बोलावताना

शाळेतून फोन आला की पालकाच्या छातीत धस्स होते. मुलाने काहीतरी केले असणार किंवा त्याला काहीतरी झाले असणार, याखेरीज तिसरी शक्यता त्याच्या मनात येत नाही. वर्षानुवर्षे शाळेने त्याला तक्रारीसाठीच बोलावले आहे.

दक्षिण दिल्लीत जेएनयूला लागून असलेले मुनिरका पाहावे. शहराने चहूबाजूंनी वेढलेल्या या गावात दाटीने उभ्या इमारतींमधल्या एकेका खोलीत परराज्यांतून आलेली कुटुंबे भाड्याने राहतात. आई आसपासच्या वसाहतींत धुणीभांडी करते, वडील चौकीदारी करतात किंवा रिक्षा चालवतात. कामाच्या दिवशी सकाळी दहाला ‘पीटीएम’ म्हणजे पालक-शिक्षक बैठक ठेवली, तर यायचे म्हणजे मजुरीवर पाणी सोडायचे. न आल्यास ‘पालकांना मुलाची काळजी नाही’ असा शिक्का बसतो. तो अन्यायाचा आहे.

शिक्षण हक्क कायदा, २००९ याबाबत स्पष्ट आहे. मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती पालकांना नियमित भेटून सांगणे, हे कलम २४ ने शिक्षकाचे कर्तव्य ठरवले आहे. कलम २१ ने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. म्हणजे कायद्याच्या लेखी पालक हा शाळेचा भागीदार आहे. दिल्ली सरकारने ३० जुलै २०१६ रोजी, शनिवारी, आपल्या शाळांमध्ये एकाच दिवशी ‘मेगा पीटीएम’ घेतली, तेव्हा पालक मोठ्या संख्येने आले. सन्मानाने बोलावले की माणसे येतात, हे त्या दिवशी दिसले.

पण वर्षातल्या एकदोन मोठ्या दिवसांनी नाते जुळत नाही. करोनाकाळात वर्गावर्गाचे व्हॉट्सॲप गट झाले आणि त्यांवर आज सूचनांचा मारा चालतो. जिला वाचता येत नाही, त्या आईला पीडीएफचा काय उपयोग? तिला शिक्षिकेचा अर्ध्या मिनिटाचा बोलका निरोप पुरे. आणि एकाच मुलाची चूक साऱ्या गटापुढे मांडणे तर ताबडतोब थांबले पाहिजे.

यात शिक्षकांचीही बाजू आहे. वर्गात मुलांची गर्दी, शिवाय जनगणना आणि निवडणुकीची कामे. ही कामे तर कायद्याच्याच कलम २७ नुसार त्यांना देता येतात. अशा शिक्षकाने पालकांशी निवांत बोलायचे कधी? म्हणून वेळापत्रकात गणिताच्या तासासारखाच पालकभेटीचा तास हवा; तो संध्याकाळी किंवा रविवारी असेल, तर शिक्षकाला त्याची बदली सुटीही हवी. वर्षाचा पहिला फोन तक्रारीची वेळ येण्याआधी जावा आणि त्यात मुलाला काय चांगले येते ते सांगावे. मूल घरी कसे असते, हेही विचारावे. ते आईइतके कुणालाच ठाऊक नसते. असा एक फोन आधी झालेला असेल, तर पुढे अडचणीची गोष्टही पालक विश्वासाने ऐकतो.

मुनिरकेत जे खरे, ते पुण्याच्या वस्तीतल्या आणि बीडच्या ऊसतोड गावातल्या शाळेतही खरे. ‘पालक अनुपस्थित’ अशी नोंद करताना शाळेने त्यांना कोणत्या दिवशी आणि किती वाजता बोलावले होते, तेही त्याच ओळीत लिहावे.