‘खरे-खोटे माहीत नाही, पण सावध राहा’

१३ सप्टेंबर २०२२ रोजी आमच्या जत तालुक्यातल्या लवंगा गावात उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना जमावाने मारहाण केली. ते विजापूरहून पंढरपूरला निघाले होते आणि त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता. त्या दिवसांत मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा मोबाईलवरून सगळीकडे फिरत होती, त्यामुळे रस्ता विचारणाऱ्यांना गावाने चोर ठरवले. पोलिसांनी चौकशी केली तेव्हा ते साधूच निघाले.

ते जीवानिशी सुटले, हे त्यांचे नशीब. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारले. यांतली बहुतेक माणसे आमच्या शेजारच्या मंगळवेढा भागातली होती. अफवा तीच होती. २०२४ मध्ये न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली.

हे वाचून काही मुस्लिम वाचक म्हणतील, यात आपला काय संबंध? संबंध आहे. राईनपाड्याच्या त्याच दिवशी मालेगावच्या आझादनगरमध्ये जमावाने पाच जणांना घेरले होते आणि त्यांत एक लहान मूलही होते. वस्ती आपली, गर्दीही आपलीच. त्यांना घरात घेऊन दार लावणारा माणूसही आपल्यातलाच होता आणि नंतर पोलिसांनी त्यांची सुटका केली. अफवेचे बळी होण्याची तक्रार आपण नेहमी करतो, आणि ती खरी आहे. पण अफवा पसरवणाऱ्यांत आपणही आहोत, हे कोण बोलणार?

‘खरे-खोटे माहीत नाही, पण सावध राहिलेले बरे’ ही सबब मला सगळ्यात धोकादायक वाटते. हे वाक्य लिहून मेसेज पुढे ढकलणाऱ्याला वाटते, आपण समाजसेवा केली. अरे बाबा, खरे-खोटे माहीत नाही, तर पाठवतोस कशाला? माहीत नसलेल्या गोष्टीपासून माणूस सावध कसा होणार? तो फक्त घाबरतो, आणि घाबरलेल्या माणसाला दारात आलेला प्रत्येक परका चोर दिसतो. आमचा तालुका सीमेवरचा. कन्नड बोलणारे, ऊसतोडीला जाणारे, भिक्षा मागणारे गोसावी आणि फकीर असे सगळेच या रस्त्यांवरून फिरतात. उद्या हिरव्या कफनीतला फकीर अशाच एखाद्या गावात पाणी मागायला थांबेल, तेव्हा काय?

आपल्या दीनमध्ये याचे उत्तर पूर्वीपासून आहे. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत बातमीची शहानिशा करण्याचा हुक्म आहे, म्हणजे नकळत कुणावर अन्याय होऊन पस्तावायची वेळ येणार नाही. हदीस गोळा करणाऱ्यांनी तर सनदीचे शास्त्रच उभे केले. कुणी सांगितले, त्याने कुणाकडून ऐकले, दोघांची भेट झाली होती का, माणूस भरवशाचा होता का, हे सगळे ते तपासत. साखळीतली एक कडी गळाली तरी रिवायत कमजोर ठरायची. त्या परंपरेचा अभिमान सांगणारे आपण ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ असा शिक्का असलेला, बिनसनदीचा मेसेज डोळे झाकून पुढे पाठवतो.

वर्गात मुले विचारतात, मग ओळखायचे कसे? तेच प्रश्न विचारा. हे कुणी सांगितले? कुठे आणि कधी घडले? गावाचे नाव नाही, तारीख नाही, पण ‘लवकरात लवकर सर्वांना पाठवा’ आहे, तर समजा की बात कच्ची आहे. फोटो गूगल लेन्समध्ये टाकून तो आधी कुठे आणि कधी आला होता ते बघा. व्हिडिओ असेल तर त्याचा स्क्रीनशॉट टाका. २०१८ मध्ये मोटारसायकलवरून मूल उचलून नेतानाचा जो व्हिडिओ देशभर फिरला, तो कराचीतल्या एका संस्थेची जनजागृतीची फिल्म होती. शेवटी ते मूल परत आणून सोडतात. नेमका तेवढाच भाग कुणीतरी कापला होता. खरेच संशय आला तर ११२ ला फोन करा, मुलाविषयी काळजी असेल तर १०९८ आहे. ग्रुपवर टाकून मूल वाचत नाही.

आणि दोष फक्त पोरांना देऊ नका. कुटुंबाच्या ग्रुपवर पहिला फॉरवर्ड बहुतेक वेळा चाचा-मामूंचाच असतो. नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर अजान ऐकली आणि तो मुसलमान झाला, ही कहाणी त्याने स्वतः नाकारूनही आपल्याकडे वर्षानुवर्षे चालली, तीही मोबाईल नसताना. ऐकायला गोड वाटली म्हणून कुणी सनद मागितली नाही. आपल्या बाजूचे खोटे गोड मानून घेणाऱ्या घरातल्या मुलाला दुसऱ्याचे खोटे ओळखता येईल, ही अपेक्षा कशाच्या जोरावर करायची?

पुढचा मेसेज येईल तेव्हा मोठ्यांनी ग्रुपवर एकच प्रश्न टाकावा : ‘ही बात कुणाकडून आली?’ उत्तर येईपर्यंत कुणी काही पुढे पाठवू नये. मुले ते बघूनच शिकतील.